चिंधूआबांची डोली

तुम्हाला वाटत असेल, पुढं काय येणार ते आपल्याला माहितीये. मावळातला एक म्हातारा. डोक्याला फेटा, ओढ्याकाठी झाडं, बोटांत लोप पावत चाललेली कला. मग येणार जेसीबी. झाडं पडणार, म्हातारा खचणार, आणि शेवटच्या ओळीला तुम्ही डोळे पुसून मोबाईल खाली ठेवणार. लाजू नका, मलाही पहिल्यांदा हेच सुचलं होतं. सुचलं म्हणजे काय, मी त्याला मागून बासरीचं म्युझिक लावून ते टाकूनसुद्धा मोकळा झालो होतो. त्याचं काय झालं ते पुढं सांगतोच. आत्ता एवढंच लिहून ठेवा, की चिंधूआबा फेटा बांधत नव्हते. त्यांच्या डोक्यावर कुठल्याशा सिमेंटच्या जाहिरातीची निळी टोपी असायची, आणि ती ते देवळात जातानासुद्धा काढायचे नाहीत.

मी माइकवाला. हळद, बारसं, शाळेचं गॅदरिंग, सरपंचांचा वाढदिवस, पवना धरणाकाठी तंबू ठोकून राहायला येणारी पुण्या-मुंबईची मंडळी, जिथं बोलावतील तिथं माइक धरायचा आणि आवाज काढायचे, हा आपला धंदा. लोणावळ्यात मामाकडे राहून बारावी केली. तिथं सरांनी मला हिशोब शिकवायचा प्रयत्न केला आणि मी त्यांचा आवाज शिकून परत आलो. एस.टी.चा कंडक्टर काढतो, आमदार काढतो, गिरणीचा पट्टा तुटल्यावरचा आमचा गिरणीवाला काढतो. आबांचा आवाज मात्र चार वर्षं मला निघत नव्हता. एकतर ते बोलायचेच कमी. आणि बोलले तर अर्धं वाक्य तोंडानं आणि उरलेलं खोकून पुरं करायचे. आमच्या आईला ते बरोबर कळायचं. मला कळायचं नाही.

आमचं चहाचं दुकान तिकोणा पेठेत, किल्ल्याच्या वाटेवर. दुकानाच्या मागनं ओढा जातो. त्या ओढ्याच्या काठानं सात-आठ गुंठ्यांची एक चिंचोळी पट्टी आबांची. राहायला ते वर, वरल्या वाडीत. डोंगराच्या पदरावर पंधरा-सोळा घरं, तिथं जायला रस्ता नाही. कड्याच्या अंगाला चिकटून एक पाऊलवाट उतरते. उतरायला तास, चढायला दीड. आबा रोज उतरायचे आणि रोज चढायचे, कारण वर नुसता कातळ, आणि वाळुंजाला पाय ओले लागतात.

वाळुंज तुम्ही बघितलेलं असतं, फक्त नाव माहीत नसतं. ओढ्या-नदीच्या कडेला आपोआप येतं. पान लांबट, खालून पांढरं. वारा आला की सगळं झाड उलटं होऊन चकाकतं. पण आबांच्या बागेत तसं बघण्यासारखं काही नव्हतं. चाळीसेक खुंट, गुडघ्याएवढे, बोडके. दर पौषात आबा कोयता घेऊन सगळे खुंट भादरायचे. मग त्यांना नवे फोक फुटायचे, आणि पावसात सरळसोट, माणसापेक्षा उंच वाढायचे. एक साल छाटायचं चुकलं की फोकाला फांद्या येतात, गाठी येतात, मग तो चुलीत घालायच्याच लायकीचा. ट्रेकिंगला आलेली पोरं-पोरी थांबून हळहळायची.

"बाबा, ये किसने काट डाला?"

"म्या," आबा म्हणायचे.

"क्यूँ?"

आबा खोकायचे. संपला विषय.

छाटलेले फोक ते जुडी बांधून ओढ्यात दगडाखाली दाबून ठेवायचे. आठ दिवसांनी काढायचे, एका फाटलेल्या दांडक्याच्या फटीतून सर्रकन ओढून साल सोलायचे, आणि मग एकेक फोक अंगठ्याला गुंडाळून बघायचे. हे बघण्यासारखं असायचं. आमच्या दुकानाच्या बाकड्यावर बसून, डोळे मिटून, फोक कानाशी धरून गुंडाळायचे. मग दोन ढीग करायचे. एकदा मी विचारलं, "आबा, हा ढीग कसला, तो कसला?"

"ही कोंबडीची काडी," डावीकडं बोट. "ही मानसाची," उजवीकडं.

कोंबडीच्या काडीची डालगी व्हायची, रोवळ्या व्हायच्या, पाट्या व्हायच्या. आमच्या आईकडं त्यांची एक रोवळी आहे, तिच्यात अजून तांदूळ धुतात. माणसाच्या काडीचं मात्र एकच व्हायचं. डोली.

डोली म्हणजे लग्नातली नव्हे. अर्धी कणगी उभी कापल्यासारखी दिसायची ती. पाठीला उंच, पुढनं उघडी, पाय टेकवायला खाली आडवी पट्टी. दोर लावून ती एका बांबूला टांगायची, बांबू दोघांच्या खांद्यावर. वाडीतलं कोणी आजारी पडलं, कोणाला साप चावला, कोणी बाळंतपणाला अडली, तर याच डोलीतून खाली. बाकीच्या वाड्यांवर घोंगडीची झोळी करतात, पण झोळीत माणूस दुमडतो, आणि कड्याच्या वाटेला तिचं बूड दगडावर घासतं. आबांची डोली घासायची नाही. दगड लागला की जरा आत दबायची आणि परत बाहेर यायची. बसलेल्याला नुसतं कुशीला कोणी कोपर लावल्यासारखं वाटायचं.

नवी डोली माघात तयार व्हायची आणि तिची चाचणी आमच्या दुकानासमोर. नियम असा, की गावातला सगळ्यात जड माणूस तिच्यात बसवायचा आणि ओढ्यापर्यंत नेऊन परत आणायचा. पुढच्या खांद्याला स्वतः आबा. सगळ्यात जड माणूस म्हणजे बाळूशेठ गिरणीवाले, यात गावात दुमत नव्हतं, फक्त बाळूशेठना ते मान्य नव्हतं.

"आबा, दर साली मीच का? त्या पाटलाला बसवा की."

"पाटील वाळला."

"अन् मी?"

आबांनी त्यांच्या पोटाकडं बघितलं आणि ते नुसते खोकले. मी माइक घेऊन कॉमेंट्री सुरू केली. बाळूशेठ बसले, बांबू उचलला, डोली करकरली. पूर्ण वाकून करकर, करकर. बाळूशेठ ओरडले, "आबा, मोडतीय! उतरवा मला!"

"करकरती म्हंजी धडधाकट हाय," आबा खांद्यावरनंच म्हणाले. "वली काडी सांगून वाकती. वाळल्याली गप राहती, अन् मंग येकदम जाती. गप राहनारीला भ्यावं."

हे आबांचं मी तोपर्यंत ऐकलेलं सगळ्यात लांब भाषण. मी ते पाठ करून टाकलं.

एकदा धरणाकाठच्या तंबूवाल्यांनी आबांना बोलावलं. शनिवार-रविवार, शहरातली वीस-पंचवीस माणसं, गवतावर बसून बास्केट विणायला शिकणार. मी माइकवर होतोच. आबा आले, बसले, समोर जुडी ठेवली. एका ताईंनी विचारलं, "आजोबा, शिकायला किती वेळ लागेल?"

"आदी फोक लावा. तीन वर्सांनी या."

सगळे टाळ्या वाजवून हसले. त्यांना वाटलं, आबांनी विनोद केला. आबांनी टोपी सारखी केली आणि वाट बघत बसले, त्यांना वाटलं आता ही मंडळी उठून फोक लावायला जातील. शेवटी मी सगळ्यांना डालग्याचे दोन-दोन वेढे घालायला लावली, फोटो झाले. निघताना तंबूवाला म्हणाला, "आबा, ती तुमची डोली आम्हाला द्या ना. झाडाला झोका म्हणून लावतो. फोटोला काय भारी दिसेल."

आबा त्याच्याकडं बघतच राहिले. "त्यात दुखन्याचं मानूस बसतं," म्हणाले, आणि चालू लागले. घरी येईपर्यंत खोकला पण नाही.

वर्षाच्या वर्षाला जुनी डोली होळीत जायची. वापरलेली असो, नसो. एका साली ती एकदाही लागली नव्हती, नव्यासारखी करकरीत होती. तरी होळीला आबांनी ती स्वतः उचलून आगीवर ठेवली. मी म्हटलं, "आबा, राहू दे की एक जास्तीची. काय खाते-पिते का ती?" त्यांनी ऐकलंच नाही. घरी आईनं माझ्या पाठीत एक घातला.

"तुला माहीत न्हाई तर गप बसत जा."

मग तिनं सांगितलं. चाळीसएक वर्षांपूर्वी आबांची बायको पोटुशी होती. दुसरं बाळंतपण. वेळ आली तेव्हा वाडीत डोली होती ती दोन सालांची, आबांच्या बापानं विणलेली. वरनं चांगली दिसत होती. निम्म्या वाटेवर तिचं बूड गेलं. आवाज न करता गेलं. खाली फार खोल नव्हतं, पण पुढं मग झोळी करून नेईपर्यंत उशीर झाला. आई आणि पोटातलं, दोघंही गेली. पुढच्या होळीला आबांनी बापाच्या हातची ती डोली जाळली आणि ओढ्याकाठी पहिले वाळुंजाचे फोक खोचले. तोपर्यंत ते काड्या रानातून आणायचे, मिळतील तशा. तेव्हापासून बाग.

आता मुद्द्यावर येतो. आबांचे हात कापायला लागले होते. चहाचा कप बशीत टेकवताना खुळखुळ वाजायचा. आम्ही दिसलंच नाही असं करायचो. पण त्या पौषात त्यांनी फोक अंगठ्याला गुंडाळला आणि तो सुटून पडला. पुन्हा गुंडाळला, पुन्हा पडला. त्यांनी सगळी जुडी उचलली आणि सगळी डावीकडं ठेवली.

"आबा, हे सगळे कोंबडीचे?" आईनं विचारलं.

"काडी बेस हाय, सुनंदे. हात कोंबडीचा झाला."

त्या वर्षी त्यांनी वाडीत घराघराला एकेक रोवळी विणून दिली, वाकडी-तिकडी, आणि डोली विणली नाही. विणायची गरजही नव्हती, कारण वरल्या वाडीचा रस्ता मंजूर झाला होता. जीप वर जाणार होती. या रस्त्यासाठी आबांनी किती कागदांवर अंगठे उठवले ते त्यांनाच माहीत. ओढ्यावर मोरी बांधायची होती, आणि मोरीची जागा बरोबर त्यांच्या वाळुंजाच्या पट्टीत येत होती. जागेच्या कागदावर पहिला अंगठा आबांचा. होळीला त्यांनी शेवटची डोली जाळली. ठेकेदार म्हणाला होता, वैशाख संपायच्या आत गाडी वर चढवतो. आबांचा नातू किसन, लेकीचा मुलगा, आबांजवळच वाढलेला; त्याची बायको मंगल, तिला दिवस गेलेले. डॉक्टरनं श्रावणाची तारीख दिली होती. आबा ज्याला त्याला सांगायचे, "आमची मंगल जीपड्यात बसून जानार. पुडल्या शिटावर." पुढच्या शिटाचा त्यांनी जणू नवसच केला होता. त्यांना दुसरं काही मागायचं राहिलंच नव्हतं. हात साथ सोडायच्या आत रस्ता वर पोचावा, बस.

चैत्रात मशीन आलं आणि ओढ्याच्या अलीकडनं खणायला लागलं. एका संध्याकाळी मशीन बंद झाल्यावर मला आबा खुंटांच्या मधे एकटे बसलेले दिसले. एका खुंटावर हात ठेवून. सूर्य मागं, पान फुटायला लागलेलं, टोपी जरा पुढं ओढलेली. काय फ्रेम होती राव! मी लांबून मोबाईल काढला आणि घेतलं. आणि नेमका त्याच आठवड्यात मला आबांचा आवाज सापडला होता. खोकला कुठं घ्यायचा, श्वास कुठं सोडायचा, 'हाय' कसं ओढायचं, सगळं. आईला स्वयंपाकघरात मागनं हाक मारली तर ती "आलं आबा" म्हणून पदर सारखा करत बाहेर आली.

मग मी ती रील केली. चित्र आबांचं, आवाज आबांचा, शब्द माझे. "ही झाडं न्हाईत बाबांनो. माजी लेकरं हायती. माज्यावरनं रस्ता न्या, यांच्यावरनं नगा नेऊ." मधे एक खोकला. आणि बासरी.

मला वाटलं, मी त्यांच्या मनातलं बोललो. खरंच वाटलं. एवढं दुःख आत ठेवून बसलेला माणूस, त्याला शब्द सापडत नाहीत, आपण देऊ. त्या संध्याकाळी ते तिथं कशाला बसले होते, हे विचारायला मला शंभर पावलं चालायची होती. मी चाललो नाही. (किसननं नंतर सांगितलं. मशीन बागेपर्यंत आलं की मशीनवाल्याला कुठला खुंट आधी काढायला सांगायचा ते बघत होते. वरच्या अंगाचे आधी काढले तर मशीन रुततं.)

रील फिरली. तंबूवाल्यांनी पुढं पाठवली, त्यांच्या पाहुण्यांनी पुढं पाठवली, कोणी इंग्रजीत लिहिलं, कोणी रडका चेहरा टाकला, कोणी तक्रार केली. एक दिवस कुठल्याशा ऑफिसातनं पत्र आलं, ओढ्याकाठच्या झाडांची चौकशी होईपर्यंत काम थांबवा. ठेकेदार वाट बघत थोडाच बसतो! त्यानं मशीन दुसऱ्या कामावर नेलं. वैशाखात गेलेलं मशीन पाऊस संपल्याशिवाय येत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोराला पण माहीत असतं.

पत्र आमच्या दुकानातच वाचलं गेलं. आबा बाकड्यावर होते.

"कुनाची तक्रार हाय?"

सगळे इकडं-तिकडं बघायला लागले. शेवटी आई म्हणाली, "आबा, तुमीच नगं म्हनलाय म्हनं. झाडं तोडू नगा म्हनून. मोबाईलवर."

"म्या?"

एवढंच. मी आत जाऊन कपबश्या धुतल्या, धुतलेल्याच परत धुतल्या. रील मी त्याच दिवशी काढून टाकली. पण ती तोपर्यंत माझी राहिली नव्हती, पन्नास जणांच्या पानांवर होती, आणि सगळीकडं आबा माझे शब्द बोलत होते.

आबांनी पुन्हा कोणाला काही विचारलं नाही. वर डोली नव्हती, पाऊस महिन्यावर, मंगलला सातवा. दुसऱ्या दिवशी ते कोयता घेऊन बागेत उतरले आणि खुंटांना फुटलेले चार महिन्यांचे कोवळे फोक छाटले. पानासकट, चिकासकट. असे फोक त्यांनी उभ्या आयुष्यात कधी छाटले नव्हते. कोंबडीला सुद्धा नसते वापरले. दोन-दोन फोक एकत्र पिळून त्यांनी विणायला सुरुवात केली. एक वेढा घालायला पाच मिनिटं. हात कापायचे म्हणून मनगट गुडघ्यात दाबून धरायचे. विणून झालं की बोटानं दाबून बघायचे आणि उसवायचे. तीनदा उसवली. आई म्हणायची, "आबा, चा घ्या." तो गार होऊन जायचा. मी समोर दिसलो तरी त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं, त्यांना कळलंय. मग वाटलं, नसेल कळलं. दोन्ही वाटून मी रोज कुठंतरी कार्यक्रमाला जात होतो.

डोली झाली. चाचणीला बाळूशेठ स्वतःहून आले, न बोलावता. आबांनी त्यांना बसू दिलं नाही. "ही जडाला न्हाई," म्हणाले. "हिला फकस्त मंगलपुरती टिकू द्या."

ठरलं होतं की आषाढ अर्धा झाला की मंगलला खाली माहेरी आणून ठेवायचं. पण तिच्या पोटात आषाढाच्या पहिल्याच आठवड्यात कळा सुरू झाल्या. महिनाभर आधी. सकाळची वेळ, पाऊस असा, की समोरचा किल्ला दिसेना. किसननं खाली फोन केला, ॲम्ब्युलन्स आमच्या दुकानापाशी येऊन थांबली. पुढं चाकाला वाट नाही. आम्ही सगळे ओढ्यापर्यंत जाऊन उभे राहिलो.

आधी डोलीची करकर ऐकू आली, मग माणसं दिसली. पुढं किसन, मागं त्याचा मित्र, मधे डोली, तिच्यात घोंगडीखाली मंगल. आणि डोलीच्या खाली वाकलेले आबा. पहिल्यांदा मला कळेचना, ते करतायत काय. दोन्ही तळहात वर करून त्यांनी डोलीच्या बुडाला लावले होते, आणि तसेच, कमरेत मोडल्यासारखे, तिच्याबरोबर आडवे चालत होते. किसन म्हणाला, घरापासून असेच आले. दोनदा पडले. तिघांनी ओरडून सांगितलं, आबा, मागं व्हा, डोली धरतीय. तर म्हणाले, "माजी वीन मला ठावं हाय. तुमी चाला." कड्याच्या अरुंद जागी डोली दगडाला घासायची तेव्हा मधे त्यांचे हात असायचे. डोलीचा एक वेढासुद्धा सुटला नाही. कदाचित त्यांनी हात नसता लावला तरी सुटला नसता. हे आता कोणालाच कळणार नाही.

मंगलला गाडीत घातलं, किसन बसला, गाडी गेली. दुपारी त्याचा फोन आला, मुलगी झाली, बारकी आहे पण रडतेय, मंगल बरी आहे. आई देवापुढं साखर ठेवायला गेली.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो. आबांना त्याच संध्याकाळी ताप भरला. लेकीनं त्यांना बेगडेवाडीला आपल्या घरी नेलं, औषधपाणी केलं, पण छातीत पाणी झालं होतं. पंधरा दिवसांत गेले. वरल्या वाडीला परत चढले नाहीत. दिवाळीनंतर मशीन आलं, किसननं सांगितल्याप्रमाणं आधी खालच्या अंगाचे खुंट काढले. आता जीप वर जाते. काढलेल्या खुंटांचे फोक कोणी ओढ्याच्या पलीकडं खोचलेत का, ते मला विचारू नका, मी बघायला गेलेलो नाही.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या दुपारी, आमच्या दुकानात. किसनचा फोन येऊन गेल्यावर. आई त्यांचे दोन्ही हात घमेल्यात, हळदीच्या कोमट पाण्यात धरून बसली होती. तळहाताची सालं निघाली होती, नखांत वाळुंजाचे तुकडे अडकलेले. टोपी कुठंतरी कड्यावर गेली होती. त्यांचं डोकं मी पहिल्यांदा बघितलं, पांढरं, लहान मुलासारखं. आई म्हणाली, "पनती झाली आबा, आता तरी दोन घास खा." त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं.

"ते लाव."

"काय आबा?"

"मोबाईलवर म्या काय बोललो ते. मला आयकायचंय."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी कुणाच्या तरी पानावरनं ती शोधली आणि लावली. बासरी सुरू झाली. आबा कान पुढं करून ऐकत होते, फोक ऐकायचे तसेच डोळे मिटून. संपली.

"पुन्यांदा."

परत लावली. या वेळेला बासरीवर पाऊस पत्र्यावर जोरात आला, मी आवाज वाढवला. संपली.

"आवाज माजाच हाय," आबा म्हणाले. "खोकला बी माजाच हाय. कुटं चूक न्हाई. बोलनं कुनाचं हाय?"

मी मोबाईल खिशात घातला.

"इचारतोय म्या. कुनाचं हाय?"

"माझं, आबा."

"मला इचारलं व्हतंस? रोज हितं बसत व्हतो म्या. चा पीत व्हतो. तू समोर व्हतास. येकडाव तोंडानं इचारलं असतंस, आबा, काय दुकतंय. सांगितलं असतं म्या. न्हाई सांगितलं असतं. पर इचारायचं का न्हाई?" त्यांना खोकला आला, तो त्यांनी गिळला. "लेकरं म्हनतो म्या त्यात. लाकडाला लेकरं म्हनतो. माजं लेकरू कंचं, ते तुज्या आयशीला ठावं हाय. तुला बी ठावं व्हतं. व्हतं का न्हाई?"

"होतं."

"आज ती पोरगी वाटंत मेली असती, तर उद्या तिचा बी आवाज काढला असतास. अन् टाळ्या घेतल्या असत्यास." आई मधे काहीतरी म्हणायला गेली. "तू गप, सुनंदे. तू बी हसत व्हतीस याला. आमी समदेच हसत व्हतो. म्या बी." त्यांनी हात घमेल्यातनं काढले, पाणी तांबडं झालं होतं. "रस्ता पायजे म्हनून तीस वर्सं म्या बोललो, कुनी आयकलं न्हाई. तू येकडाव बोललास माज्या तोंडानं, तर समद्या मुलकानं आयकलं."

मी तिथंच खाली बसलो. मला रडू आवरेना. आई पुढं आली, पण आबांनी ओला हात आडवा करून तिला थांबवलं.

"अन् आता रडू नगंस माज्यापुडं," ते म्हणाले. "ते बी कुनाचं काडलंयस, मला कळायचं न्हाई."